चार आण्याचा कान

शहापुरात इराप्पा गणाचारीच्या दुकानात
चिरमुरे परदेशात गुंडाळून मिळायचे.
रद्दीची गासडी कुठल्या बंदरातून यायची कुणास ठाऊक,
तो किलोवर घ्यायचा,
आणि कागद इतका गुळगुळीत की तेल पीत नाही
म्हणून शिव्या घालायचा.

आम्हाला पहिल्यांदा मिळाला डावा कान.
खऱ्या माणसाएवढा, मागं भुरे केस,
कोपऱ्यात आकडा, अकरा.
निर्मळा खन्नूकर म्हणाली, म्हणजे अजून धा तरी हैत की गे.

त्या वर्षी आम्ही किती चिरमुरे खाल्ले!
खांदा आला भडंगातून,
पट्ट्याचं बक्कल लसणीच्या चटणीतून,
गिटारची मान दोनदा.
गंगव्वानं घरी सांगितलं, पोट बिघडलंय,
चिरमुरेच खाईन.

बाबांच्या मागामागं, गंजक्या पत्र्यावर,
साड्यांच्या खळीनं चिकटवत गेलो आम्ही एक माणूस.
तो गायचा, की नुसताच उभा राहायचा,
कुणालाच माहीत नव्हतं.

रेजिनाची मावशी एस्तेलीन
स्टुटगार्टच्या इस्पितळात चार वर्षं राबून आलेली.
बघितलं आणि हसत सुटली.
हे तर पोरांचं साप्ताहिक, म्हणाली.
तिथली पोरं दर आठवड्याला एकेक तुकडा कापतात
आणि खोलीच्या दारावर देव उभा करतात.
आयांच्या कपाळाला आठ्या.
सरकारनंही एकदा दोन अंक पोरांच्या हाती पडू दिले नाहीत.
आणि त्या देशाच्या मधोमध एक भिंत आहे,
पलीकडची पोरं हाच अंक
आजीच्या कोटाच्या अस्तरातून मागवतात,
एकेक पान वर्गात विकतात.

आम्ही सीमेवरच्या पोरी. पहिला प्रश्न तोच:
भिंतीपलीकडं पाट्या कुठल्या भाषेत?
जर्मन.
आणि अलीकडं?
जर्मनच.
निर्मळाला पटेना. तिच्या थोरल्या भावाच्या नखांत
अजून डांबर होतं.
मग भांडतात कशावरून, तिनं विचारलं,
आणि मावशी चहाला उठली.

आतल्या एका पानावर एक डॉक्टर
पोरापोरींच्या पत्रांना उत्तरं द्यायचा.
मावशी वाचायची जर्मन, सांगायची कोकणीत,
रेजिना मराठीत, मी गंगव्वाला कन्नडमध्ये,
आणि प्रत्येक उंबऱ्याशी एखादा शब्द
चप्पल काढून बाहेरच थांबायचा.
अंगाचे शब्द आम्ही तिन्ही भाषांत
फक्त शिव्यांमधून ऐकले होते.
कुठल्याशा गावची तेरा वर्षांची मुलगी विचारायची,
मी बाकीच्यांसारखी आहे का?
डॉक्टर लिहायचा अर्धं पान.
गंगव्वापर्यंत पोचताना उरायचं एवढंच:
हेदरबेड. भिऊ नको.
ती म्हणायची, पुन्हा सांग.

मॅट्रिकच्या आधी गंगव्वाचं ठरलं, यरगट्टीकडं.
तिनं डॉक्टरला पत्र लिहिलं, कन्नडमध्ये, दीड पान.
आम्हाला वाचू दिलं नाही.
पत्ता मी काढला, चित्र काढावं तसा,
एकेक अक्षर जीभ बाहेर काढून.
तिकीट गावातल्या गावात जाण्याइतकं.
लाल पेटीनं गिळलं.
लग्नाच्या आदल्या दिवशीपर्यंत
ती पोस्टमनच्या सायकलीकडं बघत होती,
आणि आम्ही तिच्याकडं बघायचं टाळत होतो.

माणूस पुरा झालाच नाही.
उजवा गुडघा कुठल्या पुडीत गेला देव जाणे.
पुढं इराप्पानं प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या.
बाबांनी माग विकला, मग पत्रा,
पत्र्याबरोबर तोही गेला,
एका पायावर.

गेल्या साली सौंदत्तीच्या बसमध्ये
समोर एक बाई, केस पांढरे,
मांडीवर नातू, नातवाच्या हातात मोबाइल,
त्यात कोणीतरी नाचतंय.
नेसरगीपर्यंत ती माझ्याकडं बघत राहिली.
उतरताना खांद्यावर हात ठेवला, आणि
माझ्याच मराठीत, थोडी अडखळत:
गुडघा गावला काय गे?